कृष्णविवर सगळं गिळत नाही

मे महिन्यात काजवे पाहायला भंडारदऱ्याला गेलात, तर मध्यरात्र उलटल्यावर दक्षिणेकडेही बघा. वृश्चिकेच्या नांगीपलीकडे धनु रास दिसते. त्याच दिशेला, सुमारे 26 हजार प्रकाशवर्षांवर, आकाशगंगेच्या केंद्रात 40 लाख सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर आहे. हे सांगितलं की हमखास प्रश्न येतो : मग ते एक दिवस आपल्यालाही ओढून घेणार का?

नाही. सर्वांत घट्ट रुतलेला गैरसमज हाच. गुरुत्वाकर्षण ठरतं वस्तुमान आणि अंतर यांवर. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर आलं, तर पृथ्वी अंधारात गोठेल, पण तिची कक्षा तसूभरही बदलणार नाही. हा नुसता कागदावरचा हिशेब नाही. 2022 मध्ये सापडलेलं ‘गाया बीएच-1’ हे कृष्णविवर जवळपास 10 सूर्यांएवढं जड आहे. सूर्यासारखा एक तारा त्याच्याभोवती 186 दिवसांत एक फेरी मारतो आणि शाबूत आहे. धोका अगदी जवळ गेल्यावर. एका ठरावीक सीमेच्या आतून प्रकाशही बाहेर पडत नाही. सूर्याएवढ्या वस्तुमानासाठी ती सीमा केंद्रापासून जेमतेम 3 किलोमीटरवर असते.

‘सूर्याचंही शेवटी कृष्णविवर होणार’ हेही खरं नाही. ताऱ्याचं वजन त्याला आत दाबत असतं, गाभ्यातल्या उष्णतेचा दाब त्याला तोलून धरतो. इंधन संपलं की वजनाची सरशी होते. सूर्य मात्र श्वेत बटू, म्हणजे मागे उरलेला घट्ट गाभा, होऊन तिथेच थांबेल. या थांबण्याला मर्यादा आहे, हे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी वयाच्या 19व्या वर्षी, 1930 साली मुंबईहून इंग्लंडला जाताना बोटीवर मांडलेल्या गणितातून पुढे आलं. ती मर्यादा सुमारे 1.4 सूर्यांची. त्याहून जड गाभ्याचा न्यूट्रॉन तारा होऊ शकतो. तोही दोन-तीन सूर्यांपलीकडे गेला, तर कोसळणं थांबवणारं काहीच उरत नाही. म्हणून कृष्णविवरं बहुधा सूर्याच्या वीसपट किंवा अधिक जड ताऱ्यांची होतात. आकाशगंगांच्या केंद्रांतली अजस्र विवरं पहिल्यांदा कशी तयार झाली, याचा शोध अजून सुरू आहे.

‘जे दिसत नाही, त्याबद्दल कळतं कसं?’ आजूबाजूच्या खुणांवरून. विवराकडे ओढला जाणारा वायू प्रचंड तापतो, काही ठिकाणी वेगवान झोत बाहेर फेकले जातात आणि ते रेडिओलहरी सोडतात. त्या टिपणारी दुर्बीण आपल्या शेजारीच आहे. संगमनेरहून पुण्याकडे जाताना आळेफाटा ओलांडला की नारायणगावजवळ खोडदचा परिसर येतो. तिथल्या ‘जीएमआरटी’च्या 30 अँटेना, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या दुर्बिणीने स्पंदक, म्हणजे घड्याळासारखे नेमके ठोके देणारे न्यूट्रॉन तारे, वर्षानुवर्षं न्याहाळले. जून 2023 मध्ये भारतीय आणि युरोपीय शास्त्रज्ञांनी त्या ठोक्यांतल्या बारीक फरकांतून अतिमंद गुरुत्वीय लहरींचे, म्हणजे अवकाश-काळातल्या तरंगांचे, पुरावे मांडले. या लहरी एकमेकांभोवती फिरणाऱ्या अजस्र कृष्णविवरांच्या जोड्यांमधून येत असाव्यात, असं मानलं जातं.