गाडीपाशी आलेला चहा

‘ड्राइव्ह-इन’ उपाहारगृह म्हणजे मोटारीतून न उतरता खाण्याची सोय. अमेरिकेत डॅलसजवळ १९२१ साली हा प्रकार सुरू झाला. चेन्नईचे १९६२ पासूनचे वुडलँड्स ड्राइव्ह-इन २००८ साली बंद झाले, तेव्हा अनेकांना हळहळ वाटली. आम्हां आदिलाबादकरांच्या वाट्याला ही चैन आली ती ढाब्याच्या रूपाने.

एदलाबाद हे आपल्या गावाचे जुने नाव. १९५६ साली किनवट पलीकडे गेले, आपण अलीकडे राहिलो. तरी गावाच्या टोकाला, पैनगंगेकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरील त्या ढाब्यात मराठी, तेलुगू, दखनी आणि ट्रकवाल्यांची पंजाबी एकाच बाजेवर बसत. भाकरी, ठेचा, दाल. बाकी मेनूकार्ड मालकाच्या तोंडी!

नव्वदच्या दशकातील एक पावसाळी रात्र. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबत नव्हता. रुग्णेला घेऊन जीपने नागपूरला निघालो. अंतर सुमारे दोनशे किलोमीटर. गाव ओलांडतो न ओलांडतो तोच चाक पंक्चर झाले, नेमके ढाब्यासमोर. माझा एक हात तिच्या पोटावर गर्भाशय चोळीत होता, दुसऱ्या हातात सलाइनची बाटली. मालक छत्री घेऊन धावत आले. काही न विचारता त्यांनी पोऱ्याला जीपच्या पायरीवर चढवून बाटली उंच धरायला लावली, स्वतः कंदील धरला आणि चाक बदलून होईपर्यंत चहा गाडीतच आणून दिला. रुग्णेची सासू पेला घेईना. “माय, पुढं रात्र मोठी आहे,” म्हणून त्यांनी तो तिच्या हाती दिलाच. पैसे विचारले, तर म्हणाले, “पेशंटच्या गाडीचं बिल होत नसतं, डॉक्टरसाहेब.”

नागपुरात रक्त मिळाले, बाई वाचली. तिसऱ्या दिवशी परतताना मी ढाब्यावर उतरलो. “बसा” म्हणण्याआधी त्यांनी विचारले, “ओली बाळंतीण कशी आहे?”

पुढे रस्ता चौपदरी झाला, गावाला वळसा घालून गेला. २०१० साली राष्ट्रीय महामार्ग ७ चा ४४ झाला. ट्रक वळले आणि ढाबा ओस पडला. वळणरस्त्याने नागपूर लवकर गाठता येते, हेही खरेच. रस्त्याविरुद्ध तक्रार करण्याचा डॉक्टराला अधिकार नाही. परवा मात्र सवयीने गाडी जुन्या रस्त्याला घातली. छप्पर गेले आहे. कडुनिंबाखाली बाजेचे दोन पाय तेवढे दिसले.