कॉकर आणि कुकरची शिट्टी

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यातल्या बार हार्बर गावात जॅक्सन प्रयोगशाळा आहे. उंदरांवरच्या जनुकसंशोधनासाठी ती जगभर नावाजलेली, पण एके काळी तिथे कुत्रीही होती. उंच फळ्यांच्या कुंपणाआड, मोकळ्या आवारात, कॉकर स्पॅनियल आणि बीगल जातींची पिल्लं आपापल्या आईजवळ वाढत होती. माणूस त्यांच्या दृष्टीला पडू द्यायचा नाही, हा प्रयोगाचा नियम. मग काही पिल्लांना ठरलेल्या वयात आठवडाभर माणसांत आणायचं आणि परत आवारात सोडायचं. कुणी २ आठवड्यांचं, कुणी ३, कुणी ५, ७ किंवा ९. काहींना मात्र १४ आठवडे पुरे होईपर्यंत कुणी हातच लावला नाही.

डॅनियल फ्रीडमन, जॉन किंग आणि ऑर्विल एलियट यांनी १९६१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात याचे निष्कर्ष छापले. ३ आठवड्यांची पिल्लं माणूस दिसताच त्याच्याकडे ओढली गेली. ५ आठवड्यांची आधी बिचकली, मग रुळली. त्याहून मोठ्यांना वेळ लागत गेला. आणि ज्यांनी १४ आठवड्यांत माणूस पाहिलाच नव्हता, ती पिल्लं रानातल्या जनावरासारखी वागली. जवळ जावं तर पळायची, कोपऱ्यात अंग चोरायची. आईबाप तेच, जात तीच, दूध तेच. चुकले होते ते फक्त मधले काही आठवडे.

हे सगळं आठवायचं कारण भाचीचा फोन. “मावशी, कॉकर घेऊ का गं? इंटरनेटवर सगळे म्हणतात, लहान मुलांच्या घराला हाच बरा.” तिची मुलगी पाच वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा, फ्लॅट पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर. फोनच्या आधीच चार पिल्लांचे फोटो येऊन पडले होते, त्यातली तीन सोनेरी. मुलीनं त्यातलं एक ठरवूनही टाकलं होतं. नावही ठेवलं होतं, आणि माझ्या अनुभवानं सांगते, नाव ठेवल्यावर सल्ला विचारणाऱ्याला सल्ला नको असतो, होकार हवा असतो.

मी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. ‘ही जात मुलांसाठी चांगली’ हे वाक्य मला एखाद्या गावची सगळी माणसं प्रेमळ असतात म्हणण्यासारखं वाटतं. तिथला एखादा प्रेमळ माणूस भेटेलही, पण आपल्याला लग्न कुणाशी करायचंय, गावाशी का?

मुळात जात म्हणजे तरी काय! कॉकर हे नाव पडलं वुडकॉक या पक्ष्यावरून. लांब चोचीचा हा पक्षी वाळल्या पानांत असा मिसळून बसतो की पायाखाली आला तरी दिसू नये. झुडपांत शिरून त्याला उडवायचं आणि गोळी लागून पडला की तोंडात धरून आणून द्यायचं, हे इंग्लंडातल्या छोट्या स्पॅनियलांचं काम. एकोणिसाव्या शतकात कॉकर आणि स्प्रिंगर हा भेद वजनावर होता. २५ पौंडांच्या, म्हणजे साधारण सव्वाअकरा किलोंच्या, आतला तो कॉकर आणि वरचा तो स्प्रिंगर. एकाच आईच्या एकाच विणीतली दोन भावंडं वजनकाट्यावर चढून उतरली की दोन जातींची व्हायची. ही वजनाची अट १९०१ मध्ये गेली. अमेरिकेत तर कॉकरचा वेगळाच, आखूड तोंडाचा आणि घोळदार केसांचा अवतार घडवला गेला. १९५२ मध्ये रिचर्ड निक्सन यांनी टीव्हीवर देशाला सांगितलं की भेट आलेलं एक कुत्रं काही झालं तरी परत करणार नाही. तो चेकर्स कॉकरच होता आणि त्याचं नाव निक्सन यांच्या सहा वर्षांच्या मुलीनं ठेवलं होतं. (तिथंही नावच आधी.) आपल्याकडे विकायला येतात ते बहुतेक इंग्लिश वळणाचे, पण विकणाऱ्यालाच फरक माहीत नसतो असंही मी पाहिलंय.

आता स्वभावाकडे. २०२२ मध्ये छापलेल्या एका अभ्यासासाठी अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले आणि त्यातल्या दोनेक हजार कुत्र्यांचा डीएनए वाचला. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, याचं जे उत्तर मिळतं, त्यातला जातीचा वाटा निघाला साधारण ९ टक्के. सांगितलेलं ऐकण्याच्या बाबतीत जात थोडी जास्त बोलते. पण आपल्याला जे सर्वांत आधी हवंय ते म्हणजे कुणी त्रास दिला, घाबरवलं तर हा किती लवकर चिडेल? त्यावर जात जवळजवळ काहीच सांगत नाही.

मग कॉकर चिडका असतो, ही कुप्रसिद्धी कुठून आली? ती खोटी नाही. १९९६ मध्ये छापलेल्या अभ्यासासाठी अँथनी पॉडबरसेक आणि जेम्स सर्पेल यांनी ब्रिटनमधल्या इंग्लिश कॉकरच्या मालकांकडून माहिती गोळा केली. एकरंगी कॉकर, विशेषतः तांबूस-सोनेरी, हे ठिपक्यांच्या दुरंगी कॉकरपेक्षा जास्त वेळा अंगावर येताना दिसले. पुढे ब्रिटनमधल्या व्हेटकडच्या हजारो कॉकरांच्या नोंदी तपासल्या, तेव्हाही एकरंगी कुत्रे आणि नर यांच्याबाबत ‘आक्रमक’ हा शेरा जास्त सापडला. बार्सिलोनाकडच्या एका अभ्यासात आक्रमक कॉकरांच्या रक्तात सेरोटोनिन इतर जातींच्या आक्रमक कुत्र्यांपेक्षा कमी मिळालं.

पण म्हणून सोनेरी रंगच माथेफिरू ठरत नाही. रंग सारखा ठेवायचा म्हणून सोनेरीला सोनेरीच जोडत गेलं की त्या घराण्यात कुण्या एका चिडक्या पूर्वजाचा वारसाही पिढ्यान् पिढ्या फिरत राहू शकतो, असा माझा तर्क आहे. रंग हा केसांत दिसतो, घराणं दिसत नाही. शिवाय मालकाच्या सांगण्यातून मिळालेल्या माहितीत मालकाच्या डोळ्यांचाही हिस्सा असतोच. भाचीला मी म्हटलं, सोनेरीच हवा असेल तर घे, पण रंग बघायला जाऊ नकोस, आई बघायला जा.

पिल्लाची आई. ही एक गोष्ट माझ्या मते बाकी सगळ्यापेक्षा वजनदार आहे. अनोळखी माणूस खोलीत आल्यावर ती काय करते? येऊन वास घेते, की खाटेखाली शिरते, की पिल्लांसमोर आडवी उभी राहून गुरगुरते? बिचकणं रक्तातून येतं आणि आईकडे बघून शिकलंही जातं, म्हणजे पिल्लाला ते दोन्ही वाटांनी मिळतं. जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी तेरा वर्षं पाच जातींची पिल्लं वाढवली. आफ्रिकेतून आलेल्या बसेंजी जातीची पिल्लं ५ आठवड्यांची असताना माणसाला घाबरत, कॉकरची पिल्लं तितकी नाही. दोन्हींचा संकर केला, तर बुजरेपणा पुढच्या पिढीत ठळक उतरला. रक्त काही निरर्थक नसतं. पण तीच बसेंजी पिल्लं माणसांच्या हाताखाली निवळतही होती.

भाची पहिल्यांदा जिथं गेली, तिथं आई दाखवलीच नाही. पिल्लू पिशवीतून खाली आलं, पार्किंगमध्ये. “बाईसाहेब, वरती सगळे झोपलेत.” पिल्लू पाच आठवड्यांचं होतं. भारतात २०१७ च्या नियमांनुसार ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि त्यामागे कोरडी कायदेबाजी नाही. भावंडांशी खेळताना दात किती जोरानं रोवायचे हे पिल्लू शिकत असतं. जोरात चावलं की भावंड केकाटतं, खेळ थांबतो, आणि पुढच्या वेळी जबडा सैल पडतो. हा धडा नीट न शिकलेलं पिल्लू दीड वर्षाच्या बाळाच्या घरी आणायचं म्हणजे ते शिक्षण त्या बाळाच्या बोटांवर होणार.

इथं एक पेच आहे. लसीचे डोस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होऊन सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. तोवर बाहेर नेऊ नका, पार्वो होईल, असं डॉक्टर बजावतात, आणि पार्वो खरोखर जीवघेणा आजार आहे. पण माणसं, मुलं, आवाज स्वीकारण्याची खिडकी साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत उघडी असते. लस पूर्ण होईस्तोवर ती मिटते. तोडगा आहे कडेवरचा. पिल्लू जमिनीवर टेकवायचं नाही, पण कडेवर घेऊन बसस्टॉपवर पाच मिनिटं उभं राहायचं, भाजीवाला, छत्री, टोपीवाले आजोबा, स्कूल व्हॅनमधून सांडणारी पोरं, सगळं बघू द्यायचं. घरात मिक्सर लावायचा तो आधी लांबच्या खोलीत. आणि कुकर. पहिल्या शिट्टीला कॉकर पलंगाखाली गेला तर हाका मारून काढायचं नाही, तिसऱ्या शिट्टीला चिकनचा एक तुकडा समोर ठेवायचा. ऐन गणपतीत पिल्लू आणणाऱ्या घरांबद्दल मात्र मला काही बोलवत नाही. ढोलताशाची ओळख कुणी पहिल्याच आठवड्यात करून देतं का?

मुलांचं शिक्षण हा दुसरा अर्धा भाग, आणि तो कुत्र्याच्या शिक्षणापेक्षा अवघड. सहा वर्षांखालच्या मुलांना बहुतेकदा ओळखीचं कुत्रं चावतं आणि ते चावण्यामागे वाडगा, हाडूक, खेळणं असं काहीतरी राखायचं असतं, असं अमेरिकेतल्या एका दवाखान्यातल्या नोंदींत आढळलं. थोरांना चावा बसतो हातापायांना, लहानांना चेहऱ्याला, कारण तेवढ्या उंचीवर त्यांचा चेहराच असतो. त्यात ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठात कर्स्टिन माइंट्स यांना दिसलेली गोष्ट अशी, की कुत्र्यानं दात विचकलेला फोटो पाहून लहान मुलं ‘तो हसतोय’ असं म्हणतात. मी भाचीच्या मुलीला तसाच एक फोटो दाखवला. ती क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, “खूश आहे.” मग ओठ ताणून स्वतः तसंच हसून दाखवलं.

तेव्हापासून आमच्या दोघींचा एक खेळ चालू आहे. ओठांवरून जीभ फिरवली, भूक नसताना, म्हणजे ‘नको ना’. झोप आलेली नसताना जांभई, म्हणजे ‘नको ना’. तोंड वळवलं आणि डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसलं, म्हणजे ‘खरंच नको’. गुरगुरला, म्हणजे मोठ्यांना हाक मारायची आणि उठून जायचं. गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला रागवायचं नाही, हे तिच्या आईबाबांना सांगावं लागलं. गुरगुरणं बंद पाडलं तर पुढची पायरी उरते ती थेट दात. धाकट्याला काहीच शिकवता येणार नाही, म्हणून त्याच्यासाठी बाळाचं फाटक आणि मधे एक जागं मोठं माणूस, एवढंच. टीव्ही बघणारं मोठं माणूस जागं धरायचं नाही.

कॉकरच निवडायचा असेल तर त्याच्या कानांचं काय, ते आधीच ऐकून ठेवावं. कुत्र्याच्या कानाची नळी सरळ खाली उतरून आडवी वळते, इंग्रजी एल अक्षरासारखी. कॉकरच्या कानात तिच्यावर झाकण म्हणून जड, केसाळ पाळ, आत मेणाच्या ग्रंथींची गर्दी. कोकणात नि पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये वारा तिथं पोचतच नाही आणि यीस्टला रान मोकळं. एका मैत्रिणीचा कॉकर डोकं झटकायला लागला तेव्हा तिनं पाळ उचलून दाखवली होती. आत लालसर, चॉकलेटी चिकटा, आणि शिळ्या ब्रेडचा आंबूस वास. डॉक्टरांनी शिकवलं तसं तिनं औषध ओतून कानाचा बुंधा चोळला, तर पचपच असा आवाज आला. मग कुत्र्याला झटकू दिलं, आणि भिंतीवर जे उडालं ते बोळ्यानं पुसून घेतलं. कापसाची काडी आत घालायची नाही. जेवताना कान वाडग्यात बुडू नयेत म्हणून जुन्या मोज्याचं टोक कापून ती तो मोजा त्याच्या डोक्यावर चढवते. तो अतिशय अपमानित दिसतो आणि निमूट जेवतो.

केस विंचरणं रोजचं, फिरणं तासाभराहून कमी नाही. झुडपांत दिवसभर धावायला घडवलेलं जनावर आहे, सोफ्याला शोभा म्हणून नाही. इंग्लिश कॉकरमध्ये किडनीचा एक आनुवंशिक आजार चालतो. दोन्ही आईबाप वाहक असतील तर पिल्लू दोनेक वर्षांच्या आत जाऊ शकतं. डोळ्यांचा पडदा हळूहळू विझवणारा दुसरा. दोन्हींसाठी डीएनए चाचण्या आहेत. आईबापांचे अहवाल दाखवा म्हटलं की बरेच विक्रेते विषय बदलतात. विषय बदलणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नये, मग तो पेडिग्रीचे कितीही कागद पुढे करो.

दुसऱ्या घरी भाचीला आई दिसली. काळी-पांढरी, ठिपक्यांची. ती येऊन मुलीच्या चपलेचा वास घेत राहिली आणि मग तिच्या पायावर बूड टेकून बसली. पिल्लं सात आठवड्यांची होती, स्वयंपाकघराशेजारच्या पडवीत, कुकरच्या अगदी कानाशी. सोनेरी एकही नव्हतं. मुलगी दोन मिनिटं रुसली. मालकीणबाईंनी पुढच्या रविवारी या म्हणून सांगितलं आणि पिल्लांच्या खाली अंथरायला घरातली एखादी जुनी ओढणी देऊन जा, वास ओळखीचा होईल, असंही. भाचीनं ओढणी दिली. ठरवून ठेवलेलं नाव आता काळ्या-पांढऱ्याला शोभत नाही, म्हणून घरात चार दिवस भांडण चालू आहे.