मनाचे दुखणे आणि गावातील दूरध्वनी

जनावराने चारा टाकला की शेतकरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे धाव घेतो. कपाशीचे पान लाल पडू लागले की कृषी कार्यकर्त्यास बांधावर बोलाविले जाते. परंतु घरातील कर्ता पुरुष महिनाभर नीट जेवत नाही, रात्र रात्र जागा असतो, कोणाशी बोलत नाही, तेव्हा कोणाकडे जावे हे पुष्कळ घरांना ठाऊक नसते. ‘काळजी करतो, दुसरे काय?’ एवढ्यावर विषय संपतो. काही घरांत भगताकडे जाणे होते. दवाखान्याचा विचार सर्वांत शेवटी येतो, आणि कधी कधी तो फार उशिरा येतो.

याचा सर्व दोष अज्ञानाच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. महाराष्ट्रातील शासकीय मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. १९९६ साली सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमामुळे मनोविकारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी येऊ लागला. तरीही दूरच्या गावच्या माणसास तेथे जाण्यायेण्यात एक दिवस मोडतो, सोबत्याचीही मजुरी बुडते, आणि एस. टी. च्या थांब्यावर ‘कुठे निघालात?’ या प्रश्नास उत्तर द्यावे लागते. हा शेवटचा अडसर भाड्याच्या पैशांहून मोठा आहे. २०१५-१६ साली देशातील बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झाले. त्यात असे आढळले की, नैराश्य व चिंता यांसारख्या सामान्य मनोविकारांनी पीडित असलेल्या १०० व्यक्तींपैकी सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नव्हते.

हे अंतर कमी करण्याकरिता केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ ही सेवा सुरू केली. बेंगळुरू येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था, म्हणजेच निम्हान्स, हे तिचे मुख्य केंद्र होय. तिचा क्रमांक १४४१६ असा आहे. तो न लागल्यास १-८००-८९१-४४१६ हा क्रमांक वापरावा. सेवा अहोरात्र चालते, तिला पैसे पडत नाहीत, आणि ज्या वीस भाषांत ती मिळते त्यांत मराठी आहे. साध्या बटनाच्या फोनवरूनही ती घेता येते.

क्रमांक फिरविल्यावर प्रथम भाषा निवडावयाची असते. त्यानंतर प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. तो घाई न करता ऐकून घेतो, झोप, भूक, व्यसन, घरची स्थिती यांविषयी विचारतो आणि पुष्कळदा त्या बोलण्यानेच मनावरचे ओझे बरेच हलके होते. अधिक मदतीची गरज दिसल्यास तो बोलणे तज्ज्ञाकडे देतो किंवा जवळच्या शासकीय रुग्णालयाचा मार्ग सांगतो. दुरूनच तपासून औषध लिहून देण्यास २०२० च्या मार्गदर्शक नियमांनी नोंदणीकृत डॉक्टरांना मुभा दिली आहे. मात्र सर्वच औषधे अशी देता येत नाहीत. भ्रम झालेला, हिंसक बनलेला अथवा अन्नपाणी सोडलेला रुग्ण फोनवर सांभाळला जाईल अशी आशा कोणी धरू नये. त्यास रुग्णालयातच नेले पाहिजे.

आता मुख्य गोष्ट. ज्याचे मन खचले आहे तो स्वतः होऊन क्रमांक फिरवील, असे क्वचितच घडते. विदर्भातील अनुभव या बाबतीत बोलका आहे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबविण्यात आला. गावातीलच कार्यकर्ते घरोघरी जात, नैराश्याची लक्षणे समजावून सांगत, धीर देत आणि गरजूंना समुपदेशकाकडे व तज्ज्ञाकडे पोहोचवीत. प्रकल्पापूर्वी नैराश्यग्रस्तांपैकी शेकडा ४.३ जण उपचारासाठी पुढे येत, ते प्रमाण नंतर २७.२ झाले. ही वाढ तज्ज्ञ दारी आल्यामुळे जेवढी, तेवढीच ओळखीच्या माणसाने विचारपूस केल्यामुळे झाली असे मानण्यास जागा आहे.

म्हणून आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका व कृषी कार्यकर्ता यांनी डोळे उघडे ठेवावेत. कृषी कार्यकर्त्यास तर शेतच पुष्कळ काही सांगते. दरवर्षी वेळेवर खुरपणी करणाऱ्याच्या रानात गुडघाभर तण माजले, गोठ्यातील शेण दोन-दोन दिवस तसेच पडू लागले, डेअरीत दूध घालणे थांबले, तर त्यास आळस म्हणून हिणविण्यापूर्वी त्या घरी जाऊन बसावे. दुबार पेरणीचे संकट, गारपीट आणि कर्जवसुलीचे दिवस या वेळी अशी फेरी अवश्य करावी. तेथे उपदेश करू नये. ‘अलीकडे झोप लागते का?’ एवढे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. जीव नकोसा झाला आहे काय, हेही स्पष्ट शब्दांत विचारण्यास हरकत नाही. विचारल्याने तो विचार मनात भरतो, ही समजूत चुकीची आहे. मग त्याच्या संमतीने आपल्याच फोनवरून क्रमांक लावून द्यावा आणि हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर जाऊन बसावे.

स्त्रियांची अडचण निराळी आहे. फोन बहुधा पतीच्या खिशात असतो आणि एका खोलीच्या घरात मोकळेपणी बोलावयास कोपरा नसतो. आरोग्य उपकेंद्रात किंवा अंगणवाडी सुटल्यावर तेथील खोलीत अर्धा तास मिळवून देणे सेविकेस सहज शक्य आहे. जे कानी पडेल ते मात्र पाणवठ्यावर जाता कामा नये. रुग्णाची माहिती गुप्त राहण्याचा हक्क मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ याने दिलेला आहे.

पोलिसांच्या भीतीनेही कित्येक घरे मौन पाळतात. याच अधिनियमाने असे ठरविले आहे की, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे व तिला शिक्षा न करता तिची शुश्रूषा व्हावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर अशा प्रयत्नास शिक्षा सांगणारे जुने कलम उरलेलेच नाही.

धोका समोर दिसत असेल तर त्या माणसास एकटे सोडू नये. घरातील कीटकनाशके त्याच दिवशी उचलून विश्वासू नातलगाकडे ठेवावीत, १४४१६ क्रमांक लावावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. फवारणी चार दिवस लांबली तरी चालेल.

ग्रामपंचायतीच्या फलकावर, सोसायटीच्या भिंतीवर व दूध संकलन केंद्रात हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहून ठेवावा. समुपदेशकाकडून विचारपूस करण्यासाठी पुन्हा फोन येऊ शकतो. अनोळखी क्रमांक म्हणून तो तोडू नये, असे घरच्या मंडळींना आधीच सांगून ठेवावे.