नाव शेवटी

ब्रिटिश राजमुकुटातील, ‘ब्लॅक प्रिन्सचे माणिक’ या नावाने विश्रुत असलेले सुमारे १७० कॅरटचे रत्न वस्तुतः माणिक नसून लालडी, म्हणजे स्पिनेल आहे, हे वाचल्यापासून, जे इंग्लंडच्या राजांना शतकानुशतके उमगले नाही ते आजच्या परीक्षकाला थोड्या वेळात कसे उमगते, ही जिज्ञासा मला स्वस्थ बसू देईना. आणि तिनेच मला झवेरी बाजारातील एका लहानशा रत्नपरीक्षणशाळेत नेले.

नग आला की तो पुसणे, तोलणे, भिंगाखाली धरणे आणि त्याची वहीत नोंद करणे हा तेथील शिरस्ता. परंतु त्या नोंदीतला एक रकाना अखेरपर्यंत रिकामा राहतो, आणि तो नावाचा. त्या दिवशी एक वृद्ध गृहस्थ पणजोबांची अंगठी घेऊन आले होते. घराण्यात ती माणकाची म्हणून जपलेली. “माणिकच आहे ना?” असे त्यांनी विचारताच परीक्षक बाई म्हणाल्या, “काका, आधी आकडे लिहिते. नाव शेवटी.”

रंगावर विसंबून चालत नाही, कारण माणकाला आणि लालडीला तांबडेपणा देणारे द्रव्य एकच, क्रोमियम. ब्रह्मदेशातील मोगोकच्या परिसरात तर दोन्ही रत्ने एकाच वाळूगोट्यांत सापडतात. एरवी विशिष्ट गुरुत्वावरूनही निवाडा होतो, कारण माणकाचे ४.०० तर लालडीचे ३.६०, पण सोन्यात जडवलेला खडा वेगळा तोलणार कसा? म्हणून साक्ष घ्यायची ती प्रकाशाची. रिफ्रॅक्टोमीटर या वक्रीभवनांक मोजणाऱ्या उपकरणाच्या काचेवर बाईंनी एका द्रवाचा थेंब सोडला, ज्याचा उग्र वास अजून माझ्या स्मरणातून गेलेला नाही, आणि खड्याची सपाट बाजू त्यावर टेकवली. माणकात शिरलेला प्रकाश दुभंगतो, त्यामुळे मोजपट्टीवर १.७६२ आणि १.७७० च्या आसपास दोन छायारेषा दिसतात; येथे एकच रेषा होती, आणि ध्रुवक, म्हणजे पोलरायझर, फिरवूनही ती जागची हलेना. “१.७१८,” बाई म्हणाल्या, आणि तेवढेच त्यांनी लिहिले.

एवढ्यावर काम संपत असते तर परीक्षक नव्हे, यंत्रच पुरे झाले असते. तांबड्या गार्नेटचा वक्रीभवनांक माणकाच्या आकड्यांवर चढू शकतो. मग खडा दोन ध्रुवकांमध्ये फिरवून पाहावा लागतो, कारण तेथे माणिक आळीपाळीने उजळते आणि मावळते, गार्नेट मात्र सहसा काळेच राहते. अतिनील प्रकाशात माणिक आणि लालडी दोन्ही निखरतात, गार्नेट निस्तेज राहते. सर्वांत कठीण प्रकरण आहे ते ओग्यूस्त व्हर्नुई या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०२ मध्ये जाहीर केलेल्या, ज्योतीत वितळवून घडवलेल्या माणकाचे: त्याचे रसायन तेच, काठिण्य तेच, आकडेही तेच. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्याच्या पोटात ग्रामोफोनच्या तबकडीवरच्यासारख्या वक्र रेषा दिसतात. नैसर्गिक माणकात त्या ठिकाणी सरळ वाढरेषा, किंवा ठरावीक कोनांत एकमेकींना छेदणाऱ्या रेशमी सुया असतात.

अंगठीतल्या खड्यात ना वक्र रेषा होत्या, ना सुया. होत्या त्या अतिसूक्ष्म अष्टफलकांच्या रांगा, ज्या निसर्गात घडलेल्या लालडीची खूण मानल्या जातात. तेव्हा कुठे तो रकाना भरला गेला. “म्हणजे माणिक नाही?” काकांनी विचारले. “नाही. लालडी आहे, आणि अस्सल आहे.”

काकांचा चेहरा उतरला, आणि ती खिन्नता मला अन्याय्य वाटली. अकबराच्या जवाहिरखान्यात लाल, म्हणजे लालडी, आणि याकूत, म्हणजे माणिक, यांची गणना निरनिराळी होत असे, हे अबुल फज़लने ‘आईन-ए-अकबरी’त लिहून ठेवले आहे; युरोपात ही दोन खनिजे शास्त्रतः वेगळी ठरली ती १७८३ मध्ये. ज्या लालांवर मोगल बादशहांनी आपली नावे कोरून घेतली, त्यांना कोणी कमअस्सल मानले नव्हते. लालडी उणी ठरते ती माणिक म्हणून मिरवली गेल्यावरच, आणि १.७१८ या आकड्याने काकांचे रत्न हिरावून घेतले नाही, तर पणजोबांपासून आजवर त्याला कोणीही न दिलेले त्याचे स्वतःचे नाव त्याला दिले.