पलंगाचे पैसे आणि झोपेचे तास

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात लंडनला माझ्या धाकट्या भावाच्या घरी बाळ झाले आणि अम्मीला तिकडे पाठवायचे ठरले. अम्मी सत्तरीची. दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली, मधुमेह जुना, रोज इन्सुलिन. दहा तास पाय दुमडून बसणे तिला झेपणार नाही म्हणून आम्ही भावंडांनी मिळून पैसे काढले आणि तिच्यासाठी बिझनेस क्लासचे तिकीट घेतले. अम्मीला ते पटले नव्हते. "एका रात्रीच्या अंथरुणाला एवढे पैसे? हा इसराफ आहे," असे ती चार दिवस म्हणत राहिली. शेवटी नातवाच्या ओढीने गप्प बसली.

विमान रात्री अडीचचे होते. आमचा हिशेब अगदी सरळ होता. रात्रीचे विमान, झोपायला पलंग, सकाळी डोळे उघडले की लंडन. हा हिशेब कुठे चुकला ते आम्हाला नंतर कळले.

चिपळूणहून आम्ही दुपारी बाराला निघालो. संध्याकाळी मुंबईत, रात्री अकराला विमानतळावर. अम्मीने रोजच्या सवयीने नऊ वाजता इन्सुलिन घेतले आणि डब्यातले दोन घास खाल्ले. "बाकीचे विमानात जेवेन," म्हणाली. विमान दोन तास उशिरा सुटले. जेवण येईपर्यंत पहाटेचे साडेपाच वाजले होते आणि तोवर थकून तिचा डोळा लागला होता. झोपलेल्या म्हातारीला कशाला उठवा, म्हणून कुणी उठवलेही नाही. तासाभराने ती जागी झाली ती घामाने भिजून, हात थरथरत. साखर उतरली होती. शेजारच्या प्रवाशाने घंटी वाजवली, संत्र्याचा रस आला आणि अल्लाहच्या कृपेने निभावले.

लंडनला पोचली तेव्हा तिथे सकाळचे नऊ वाजले होते. घरी जाऊन बाळाला पाहिले आणि अकराला जी झोपली ती संध्याकाळी पाचला उठली. लंडनमध्ये डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे तिने त्या दिवसाचा उजेड जवळजवळ पाहिलाच नाही. रात्र जागून काढली, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पहिले पाच दिवस असे गेले. फोनवर म्हणाली, "पलंग होता गं, पण झोप कुठे होती?"

हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. शिक्षिकेला उत्तर चुकले की गणित पुन्हा मांडल्याशिवाय चैन पडत नाही. मग मी वाचले, लोकांना विचारले, डॉक्टरांशी बोलले. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडते. आज आपल्या कितीतरी घरांतली मुले परदेशात आहेत आणि थकलेल्या आईवडिलांसाठी भावंडे वर्गणी काढून असे तिकीट घेऊ लागली आहेत. पैसे कष्टाचे असतात. ते कोणत्या विमानावर खर्चायचे, हे आधी ठरवायला हवे.

आपण नेमके काय विकत घेतो?

बिझनेस क्लासची खुर्ची आज बहुतेक मोठ्या विमानांत पूर्ण आडवी होते. पूर्वी तसे नव्हते. नुसती मागे कलणारी रुंद खुर्ची असे. या वर्गात सपाट होणारा पलंग ब्रिटिश एअरवेजने 2000 साली आणला आणि मग इतरांनाही आणावा लागला. याशिवाय विमानतळावर लाऊंज मिळते, रांगा कमी लागतात, सामानाची सवलत मिळते. पण तिकिटाच्या किमतीत सगळ्यात मोठा वाटा त्या पलंगाचा आणि त्याने व्यापलेल्या जागेचा असतो.

काही गोष्टी मात्र पैसे देऊनही बदलत नाहीत. विमानातली हवा पुढे बसा की मागे, सारखीच. केबिनमधला हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवतात. आपले कळसूबाईचे शिखर सुमारे 5,400 फुटांचे, म्हणजे आपण त्याहूनही उंच जागी रात्र काढत असतो. हवा फार कोरडी असते. त्यामुळे विमानातली झोप घरच्या झोपेइतकी गाढ लागत नाही, पलंग कितीही मऊ असो.

म्हणून पहिला प्रश्न दिवसाचे की रात्रीचे हा नाही. या प्रवासात सलग झोपायला खरोखर किती तास मिळणार, आणि उतरल्यावर तिथे किती वाजलेले असणार, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

जाताना दिवस लांबतो

मुंबईहून लंडन पश्चिमेला. विमानाला साधारण साडेनऊ-दहा तास लागतात. लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे. समजा मे महिन्यात दुपारी एकला विमान सुटले, तर दहा तासांनी आपल्या घड्याळात रात्रीचे अकरा वाजतात आणि लंडनमध्ये संध्याकाळचे साडेसहा. घरी जायचे, चार घास खायचे आणि तिथल्या नऊ-दहाला झोपायचे. शरीराच्या दृष्टीने आपण फक्त एक जागरण केलेले असते, लग्नघरात करतो तेवढे.

आपल्या शरीरातले घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित मोठे असते. त्यामुळे दिवस लांबवणे त्याला सोपे जाते, आखडणे जड जाते. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, म्हणून त्या बाजूचा त्रास कमी. दिवसाच्या विमानाने गेले तर पोचल्या रात्रीच झोप जागेवर येऊ लागते. पहाटे चारला जाग येईल, पण फज्रला उठणाऱ्या माणसाला त्याचे काय!

रात्री अडीचच्या विमानात मात्र आधी अर्धी रात्र विमानतळावर जाते, मग जेवण, मग तुकड्यातुकड्यांची झोप. आणि पोचल्यावर समोर अख्खा दिवस उभा. तरुण माणूस थेट कामावर जाईल. कंपनीच्या माणसांना हे विमान आवडते ते त्यासाठीच, त्यांचा एक दिवस वाचतो. आपल्या अम्मीला कुठली सभा गाठायची होती?

परतताना रात्र आखडते

लंडनहून मुंबईला येताना उलटे. वरच्या हवेतले जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून वेळ थोडा कमी लागतो, नऊ तासांच्या आसपास. पण आपण सूर्याच्या समोरून येतो, म्हणून रात्र झपाट्याने संपते. उन्हाळ्यात लंडनहून रात्री नऊला निघालात तर चार-पाच तासांतच खिडकीत उजाडते.

सकाळी दहाला सुटणारे दिवसाचे विमान घेतले तर मुंबईत उतरेपर्यंत जवळजवळ मध्यरात्र होते. शरीर मात्र म्हणते, आत्ता कुठे संध्याकाळचे सात वाजलेत. झोप येता येता पहाट होते. कोकणात जाणाऱ्यांना आणखी एक अडचण. एवढ्या रात्री घाटातून गाडी कोण काढणार? म्हणजे मुंबईत मुक्काम आलाच.

रात्री नऊचे विमान घेतले तर मुंबईत सकाळी साडेदहा. नऊ तासांतून सुरुवातीचे जेवण आणि शेवटचा नाश्ता वजा केला तरी पाच-साडेपाच तास सलग मिळतात. इथे पलंगाचे मोल आहे. विमानात चढण्यापूर्वी लाऊंजमध्येच जेवून घेतले आणि "मला जेवणासाठी उठवू नका" असे सांगितले, तर आणखी तासभर हाती लागतो.

थोडक्यात, पश्चिमेला दिवसाने जावे, पूर्वेला रात्रीने यावे. आणि पैसे एकाच बाजूला पुरत असतील तर ते येतानाच्या रात्रीसाठी राखावेत. एकाच तिकिटात जाताना एक वर्ग आणि येताना दुसरा असे घेता येते, एजंटला तसे विचारावे.

प्रत्येक रात्र सारखी नसते

हा नियम सगळीकडे तसाच लावू नये. न्यू यॉर्कहून लंडनला येणारे विमानही पूर्वेलाच येते, पण प्रवास जेमतेम साडेसहा-सात तासांचा. चढणे, जेवणे, उतरण्याची तयारी वजा करता झोपायला तीन-साडेतीन तास उरतात. तिथे पलंग असूनही माणूस लाल डोळ्यांनीच उतरतो. म्हणून त्या मार्गावर सकाळी सुटून रात्री पोचणारी विमाने आहेत आणि जाणते प्रवासी ती पसंत करतात.

मुंबईहून आखातात उतरून विमान बदलायचे असेल तर आणखी विचार करावा. असे तिकीट पुष्कळदा स्वस्त पडते. पण दुबईपर्यंतचे तीन तास, मग पहाटे व्हीलचेअरवरून दुसऱ्या दरवाजापर्यंत, मग पुढचे सात तास, अशी रात्रीची दोन शकले होतात. पलंग दोनदा मिळतो, झोप एकदाही पुरी होत नाही. असा प्रवास करायचाच तर तो दिवसा करावा.

मुंबई ते न्यू यॉर्क थेट विमान साधारण सोळा तासांचे. त्यात झोपायला वेळ मिळतोच, मग ते कधीही सुटो. तिथे पलंग उपयोगी आहेच, फक्त पोचण्याची वेळ बघावी. शक्यतो संध्याकाळी पोचावे, म्हणजे लगेच रात्र मिळते.

औषध, ताट आणि पाय

इन्सुलिन घेणाऱ्यांनी तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांना दाखवावे. पश्चिमेला जाताना दिवस मोठा होतो, पूर्वेला लहान, त्यामुळे मात्रा आणि वेळा दोन्ही बदलू शकतात. आमच्या डॉक्टरांनी दुसऱ्या खेपेला सगळे वेळापत्रक भारतीय घड्याळात लिहून दिले आणि अम्मीने मनगटावरचे घड्याळ उतरेपर्यंत बदलले नाही. जेवणाआधीचे इन्सुलिन ताट समोर आल्यावरच घ्यायचे, ही ताकीद त्यांनी तीनदा दिली. औषध हातातल्या पिशवीत ठेवावे. विमानाच्या पोटात टाकलेल्या बॅगेत ते गोठू शकते. सोबत चिठ्ठी आणि थोडा खजूर असू द्यावा.

हलाल जेवण किंवा मधुमेहींचे जेवण आपोआप मिळत नाही, बिझनेस क्लासमध्येही नाही. किमान चोवीस तास आधी नोंदवावे लागते आणि बहुतेक ठिकाणी दोन्हींपैकी एकच निवडता येते. व्हीलचेअर अठ्ठेचाळीस तास आधी सांगावी.

पायांचे दुखणे फक्त मागच्या खुर्च्यांतले असते, असे अनेकांना वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली जाहीर केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक प्रवासाने पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. धोका मुळात लहान आहे, सुमारे सहा हजारांत एक. पण त्याचे कारण हालचाल नसणे हे आहे, खुर्चीचा वर्ग नव्हे. झोपेची गोळी घेऊन सात तास निपचित पडणे म्हणूनच बरे नाही. शस्त्रक्रिया झालेल्यांनी घट्ट मोज्यांबद्दल डॉक्टरांना विचारावे, पाणी पीत राहावे, जागे असताना दर तासा-दोन तासांनी चार पावले चालावे.

आणि नमाजबद्दल. दिवसाच्या विमानात सूर्य आपल्याबरोबर चालतो. अम्मीच्या घड्याळात मगरिब होऊन गेली तरी खिडकीत लख्ख ऊन होते. ती गोंधळली. वेळ घरच्या घड्याळाची नव्हे, आपण जिथे आहोत तिथल्या सूर्याची पाहायची. येताना याच्या उलट, फज्र अचानक येते. झोपण्यापूर्वी कर्मचाऱ्यांना उठवायला सांगून ठेवावे. बाकी मसले निघण्यापूर्वी आपल्या आलिमांना विचारून घ्यावेत.

दुसरी खेप

गेल्या मे महिन्यात भावाकडे दुसरे बाळ झाले. "मी नाही येत," असे अम्मीने सांगून टाकले होते. मी गणित तिच्यापुढे कागदावर मांडले. शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही बरोबर निघाले. जाताना दुपारच्या विमानात दोघींनी साध्या वर्गात कडेच्या जागा घेतल्या. पाय आखडले, नाही असे नाही, पण आम्ही दर तासाला फेरी मारत होतो. संध्याकाळी पोचलो, रात्री दहाला ती झोपली आणि पहाटे उठून बाळाला मांडीवर घेऊन बसली.

येताना रात्री ती पुढे पलंगावर, मी मागे खुर्चीत. लाऊंजमध्ये जेवली, इन्सुलिन ताट समोर ठेवून घेतले, विमान उडताच आडवी झाली. उजाडल्यावर पाय मोकळे करायला म्हणून मागे माझ्यापर्यंत चालत आली. मी मान अवघडून बसले होते. माझ्याकडे पाहून म्हणाली, "तू झोपली नाहीस वाटतं? मला छान लागली."

साडेदहाला मुंबई, सूर्य मावळण्यापूर्वी चिपळूण. तिकिटाचे वाचलेले पैसे भावाने परत घेतले नाहीत. अम्मीने ते वेगळ्या पाकिटात ठेवले आहेत. पाकिटावर काही लिहिलेले नाही. पण परवा तिने मला सहज विचारले, "पुढच्या मे महिन्यात तुझी शाळा कधी सुटते गं?"