कलावंतनिर्मित टी-शर्टांची ऑनलाइन विक्री : निवड कोणाची, जोखीम कोणाची?

टी-शर्टावर चित्र छापून विकणे हा व्यवसाय नवा नाही. चित्र काढणाऱ्या कलावंताच्या नावावर ती विक्री उभारणे मात्र तुलनेने अलीकडचे आहे. अमेरिकन चित्रकार कीथ हेरिंग याने १९८६ साली न्यूयॉर्क येथे ‘पॉप शॉप’ नावाचे दुकान काढले. कलादालनात पाऊल न ठेवणाऱ्या माणसालाही आपले चित्र अल्प किंमतीत घेता यावे, हा त्यामागील उद्देश होता. २००५ साली ते दुकान बंद झाले. परंतु तोपर्यंत हेच कार्य इंटरनेटवरील दुकानांनी निराळ्या रीतीने आरंभिले होते. ही दुकाने कलावंताला स्वतंत्र करतात, असे सामान्यतः म्हटले जाते. या विधानात तथ्य किती, हे ठरविण्यासाठी दोन प्रश्न विचारले पाहिजेत. कोणते चित्र छापावयाचे हे कोण ठरवितो? आणि ते न खपल्यास नुकसान कोण सोसतो? या दोन प्रश्नांची उत्तरे परस्परांशी निगडित असून दोहोंचे मूळ छपाईच्या तंत्रात आहे.

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये चित्रातील प्रत्येक रंगासाठी ताणलेल्या जाळीची स्वतंत्र चौकट तयार करावी लागते. जाळीवर प्रकाशसंवेदी लेप देऊन, चित्राचा भाग तेवढा मोकळा ठेवून, बाकीची छिद्रे बुजविली जातात आणि रबरी पट्टीने शाई जाळीतून कापडावर दाबली जाते. एक प्रत छापली काय किंवा हजार छापल्या काय, या पूर्वतयारीचा खर्च सारखाच येतो. त्यामुळे एका चित्राच्या बऱ्याच प्रती एकदम काढणे भाग पडते. शिवाय लहानमोठी सर्व मापे साठ्यात ठेवावी लागतात. न खपलेल्या मालाचा भार विक्रेत्यावर पडत असल्यामुळे निवडीचा अधिकारही त्याच्याकडेच राहतो, आणि तो स्वभावतःच ओळखीच्या, खपलेल्या चित्रांकडे झुकतो.

या अडचणीवर २००० साली शिकागो येथे जेक निकेल आणि जेकब डीहार्ट या दोन तरुणांनी ‘थ्रेडलेस’च्या रूपाने एक उपाय काढला. अवघ्या एक हजार डॉलरच्या भांडवलावर सुरू झालेल्या या दुकानाने चित्रे कलावंतांकडून स्पर्धेद्वारे मागविली. आलेल्या प्रत्येक चित्राला सभासदांनी शून्य ते पाच असे गुण द्यावेत आणि अधिक गुण मिळालेलीच चित्रे छापावीत, अशी योजना होती. विजेत्यांना आरंभी टी-शर्टच बक्षीस मिळत. पुढे रोख रक्कम मिळू लागली. या पद्धतीचे मर्म ओगावा आणि पिलर या अभ्यासकांनी २००६ साली विशद केले. ग्राहकांनी आपली पसंती आगाऊ कळविल्यामुळे नव्या वस्तूच्या अपयशाची शक्यता कमी होते, हा त्यांचा निष्कर्ष होता. मुंबईत २००७ साली सुरू झालेल्या ‘इंकफ्रूट’नेही याच धर्तीवर चित्रे मागविण्याचा मार्ग पत्करला. या व्यवस्थेत निवड समूहाकडे गेली आणि विक्रेत्याची जोखीम घटली. तथापि, न निवडलेल्या चित्रांवर खर्ची पडलेले श्रम मात्र कलावंताच्याच पदरी राहिले.

तिसरे स्थित्यंतर कापडावर थेट छापणाऱ्या इंकजेट यंत्रांमुळे घडले. येथे जाळी नाही, रंगागणिक चौकट नाही. मागणी आल्यावर एकच प्रत छापून पाठविता येते. साठाच नसल्यामुळे निवडीची आवश्यकताही उरत नाही. २००६ साली मेलबर्न येथे स्थापन झालेल्या ‘रेडबबल’वर कोणीही कलावंत आपले चित्र मांडू शकतो आणि मूळ किंमतीवर आपला नफा किती असावा हे स्वतः ठरवू शकतो. वरवर पाहता हे संपूर्ण स्वातंत्र्य वाटते. परंतु जेथे सर्वच चित्रे स्वीकारली जातात, तेथे आपले चित्र ग्राहकाच्या नजरेस आणून देण्याचे काम कलावंतावर येऊन पडते. शिवाय दुकानाचे नियम त्याच्या हाती नसतात. २०२३ साली ‘रेडबबल’ने खात्यांच्या श्रेणी पाडून खालच्या श्रेणीतील कलावंतांच्या मिळकतीतून शुल्क घेण्यास आरंभ केला, हे या संदर्भात ध्यानात घेण्याजोगे आहे.

निवड करणारा माणूसच नाहीसा झाला म्हणजे काय होते, याचे उदाहरण डिसेंबर २०१९ मध्ये दिसून आले. ‘हे चित्र टी-शर्टावर हवे’ अशा आशयाचे उत्तर ट्विटरवर कोणी लिहिले की स्वयंचलित प्रणाली ते चित्र उचलून, चित्रकाराला न विचारता, विक्रीस मांडीत असत. हे उघड करण्यासाठी चित्रकारांनी डिस्नेच्या पात्रांची चित्रे मुद्दाम पुढे केली आणि तीही टी-शर्टांवर विक्रीस आली. साठा करावा लागत नाही ही सोय चोरी करणारालाही तितकीच उपयोगी पडते.

भारतीय कलावंताच्या बाबतीत येथे कायद्याचा एक नाजूक प्रश्न उद्भवतो. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १५(२) नुसार, डिझाइन म्हणून नोंदविता येण्याजोग्या पण न नोंदविलेल्या आकृतिबंधातील कॉपीराइट, तो लावलेली वस्तू मालकाने किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्याने औद्योगिक प्रक्रियेने ५० पेक्षा अधिक वेळा निर्माण केली की संपुष्टात येतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली ‘मायक्रोफायबर्स’ प्रकरणात मूळ कलाकृती आणि तिच्यावरून वस्तूसाठी बेतलेला आकृतिबंध यांत भेद केला. सर्वोच्च न्यायालयानेही २०२५ साली ‘क्रायोगॅस’ प्रकरणात असाच भेद तपासण्याची कसोटी सांगितली. म्हणजे स्वतंत्र चित्र म्हणून निर्माण झालेली कृती आणि केवळ टी-शर्टासाठी बेतलेली आकृती यांचे भवितव्य भिन्न असू शकते. नोंदणीचा मार्गही निर्वेध नाही. डिझाइन अधिनियम, २००० च्या कलम ४ नुसार, अर्जापूर्वीच प्रसिद्ध झालेल्या आकृतिबंधाची नोंदणी होऊ शकत नाही. गुण मिळविण्यासाठी किंवा विक्रीसाठी चित्र इंटरनेटवर मांडणे हीच प्रसिद्धी होय. उलटपक्षी, मागणीनुसार एकेक प्रत निघत असता ५० ही मर्यादा केव्हा ओलांडली गेली, हे कलावंताच्या लक्षातही येणार नाही.

सारांश, छपाईचे तंत्र बदलले तसतशी साठ्याची जोखीम कमी झाली, पण ती नाहीशी झाली नाही. तिने श्रमाचे, प्रसिद्धीचे आणि हक्कनाशाचे रूप घेतले आणि ती कलावंताकडे सरकली. या दुकानांचे मूल्यमापन केवळ विक्रीच्या आकड्यांवरून न करता, करारातील अटी, नफ्याची वाटणी आणि हक्कांची सुरक्षितता यांच्या आधारे करणे इष्ट ठरेल. उपयोजित कला, अर्थशास्त्र आणि विधी या तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांनी मिळून हाती घ्यावा असा हा विषय आहे.