माइतीची चौकशी

नेपाळीत ‘माइती’ म्हणजे माहेर. अनुराधा कोइराला यांनी १९९३ साली काठमांडूत सुरू केलेल्या संस्थेचं नाव ‘माइती नेपाळ’ आहे. या माहेराचं एक दार भारताच्या सीमेवर आहे, आणि तिथे मुलींना अडवून प्रश्न विचारले जातात. माहेरानं अडवावं का, हा माझ्या कुतूहलाचा विषय.

या गोष्टीशी आपला संबंध जुना आहे. फेब्रुवारी १९९६मध्ये मुंबईत कुंटणखान्यांवर मोठे छापे पडले. चारशेहून अधिक मुली व स्त्रिया ताब्यात घेतल्या गेल्या, त्यांत दोनशेच्या आसपास नेपाळच्या होत्या. नेपाळ सरकार त्यांना परत न्यायला राजी नव्हतं. नागरिकत्वाची कागदपत्रं नाहीत, एड्स देशात येईल, अशी कारणं पुढे आली. महिनोन्‌महिने त्या आपल्याकडच्या सुधारगृहांत पडून राहिल्या. अखेर जुलैत काही स्वयंसेवी संस्थांनी १२८ जणींना नेलं. त्यांच्यापैकी काहींनी पुढे ‘शक्ती समूह’ ही स्वतःची संघटना काढली. २०१३मध्ये तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुटका झाल्यावरही घर मिळत नाही, हे एकदा कळलं की घर सुटण्याआधीच गाठावं, असं कुणालाही वाटणारच.

पण गाठायचं कुठे? १९५०च्या करारामुळे भारतीय आणि नेपाळी माणसाला ही सीमा ओलांडताना पारपत्र लागत नाही, व्हिसा लागत नाही. सीमेची लांबी सतराशे किलोमीटरहून जास्त. सुनौलीच्या कमानीपाशी मी दोन दिवस उभा होतो. रिक्षा, सायकली, डोक्यावर बोचकी घेतलेली माणसं सतत इकडून तिकडे जात होती. थांबून कागद दाखवत होता तो फक्त एखादा गोरा प्रवासी. इथून गोरखपूर काही तासांवर, आणि गोरखपूरहून थेट मुंबईची गाडी.

या गर्दीतून नजर फिरवणाऱ्या बायका नेपाळच्या बाजूला, पोलीस चौकीजवळ उभ्या असतात. त्यांच्यातल्या कित्येक स्वतः कधी तरी विकल्या गेलेल्या. त्या चेहरा पाहत नाहीत, जोडी पाहतात. पुरुष दहा पावलं पुढे आणि मुलगी मागे, दोघं ओळख नसल्यासारखी. भांगात ताजं कुंकू, पण सासरचं गाव सांगता येत नाही. नोकरीला निघालेली, पण मालकाचं नाव ठाऊक नाही. मग दोघांना वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारायचे: कधी भेटलात, कुठे उतरणार, तिकीट कुणी काढलं? उत्तरं जुळली नाहीत तर घरी फोन. पुष्कळदा पलीकडून आई विचारते, ‘ती तिथे कशी?’ मग मुलीला संस्थेच्या निवाऱ्यात ठेवतात आणि घरच्यांना बोलावतात.

खरी अडचण इथून सुरू होते. सीमेवर जो गुन्हा रोखायचा तो पुरता घडलेलाच नसतो. मानवी तस्करीची व्याख्या हेतूवर उभी आहे, आणि हेतू उघड होतो तो शेकडो कोस पुढे, एखाद्या बंद खोलीत. नेपाळच्या २००७च्या कायद्यानं निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकला आहे. पण ज्या मुलीला आपण वाचलो असं वाटतच नाही, उलट आपलं लग्न मोडलं असं वाटतं, ती तक्रार कशाला देईल? दलाल सुटतो आणि दुसरी वाट धरतो. आडवाटांना तोटा नाही. हल्ली तर तो सोबत येतही नाही. मुलगी एकटी येते आणि पुढच्या सूचना मोबाइलवर मिळत जातात. मग दहा पावलांचं अंतर मोजून काय उपयोग?

म्हणूनच, सीमेवर इतक्या जणींना ‘वाचवलं’ असे आकडे अहवालांत दिसले की मी सावध होतो. ते आकडे अडवलेल्यांचे असतात. त्यांतल्या किती जणी खरोखर विकल्या गेल्या असत्या, हे अडवल्यामुळेच कळायची सोय उरत नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलीबाबत माझ्या मनात शंका नाही, तिला थांबवावंच. मामला बिकट होतो तो पंचविशीतल्या बाईचा. २०१२मध्ये नेपाळनं तिशीच्या आतल्या स्त्रियांना घरकामासाठी आखाती देशांत जायला बंदी केली. हेतू रक्षणाचा होता. परिणाम असा की काठमांडूच्या विमानतळावर अडवल्या जातील अशा बायका खुल्या सीमेनं भारतात येऊन दिल्ली-मुंबईहून उडू लागल्या. सरळ मार्गानं गेली असती ती बाई आता दलालाच्या हाती, आणि चौकशीत खोटं बोलण्यावाचून तिला गत्यंतर नाही. चौकीवरच्या बाईपुढे दोन प्रकारचं खोटं येतं. एक दलालानं पढवलेलं, दुसरं सरकारी नियमानं भाग पाडलेलं. ऐकायला दोन्ही सारखीच.

२०२१च्या फेब्रुवारीत नेपाळच्या आप्रवासन विभागानं आणखी एक प्रस्ताव मांडला: आखात वा आफ्रिकेत प्रथमच एकटीनं जाणाऱ्या चाळिशीच्या आतल्या बाईनं कुटुंबाची आणि वॉर्ड कार्यालयाची संमती आणावी. काठमांडूच्या रस्त्यांवर स्त्रियांचे मोर्चे निघाले. फसवणारा माणूस बऱ्याचदा ओळखीतला, कधी नात्यातलाही असतो, हे सीमेवर उभ्या राहणाऱ्या बायका वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत. आणि कागदावर सही मागितली जात होती ती त्याच घरातून.